सात पॉइंट चार

रक्त तपासणं हे माझं काम. तालुक्याच्या गावी एका दवाखान्याला लागून आमची लॅब आहे, तिथे मी टेक्निशियन आहे. सुई टोचायची, नळी भरायची, मशीनला लावायची आणि पडद्यावर येईल तो आकडा रिपोर्टात टाईप करायचा. याला फार अक्कल लागत नाही. जो आकडा येईल तोच लिहायचा, एवढंच पाळावं लागतं. आजवर मी ते एकदाच पाळलं नाही, आणि तेही परक्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या बाबतीत.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला सोनईच्या पुढे एका वस्तीवर दिली आहे. घर शेतीचं, गोठ्यात चार गायी, सासू कडक पण मनानं खोटी नाही. ते आणि आम्ही दोघेही ख्रिस्ती, लग्न देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गोडीगुलाबीनं झालं. पण जेवताना आमच्या आईला कुणाच्या तरी चुकीनं दुसऱ्या पंगतीला बसावं लागलं, आणि आईनं ते पक्कं लक्षात ठेवलं. तेव्हापासून बहीण माहेरी आली की आई आधी तिचं मनगट हातात घ्यायची आणि बांगडी कोपराकडे किती सरकते ते बघायची. सरकली की निकाल लागला. "खायला घालत न्हाईत तुला तिकडं," असं आई सांगून टाकायची. बहीण हसायची, मीही हसायचो. आईच्या तोंडाला लागण्यापेक्षा हसलेलं बरं, हे आम्ही दोघं लहानपणीच शिकलो होतो.

बहिणीला दिवस गेले आणि तिला पाटीवरच्या पेन्सिली खाण्याचे डोहाळे लागले. घरात सगळ्यांनी त्याची गंमत केली. पोरगी मास्तरीण होणार, असं तिचा सासरा म्हणायचा. मी गेलो की पेन्सिलींचा पुडा घेऊन जायचो, आणि ती तो माझ्यासमोरच फोडून कडकड खायची. रक्तात लोह कमी असलं की माणसाला माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे मला ठाऊक होतं. परीक्षेला लिहिलेलं होतं. तरीही पुडा घेऊन जायचो, कारण ती खूश व्हायची.

सातव्या महिन्यात सासरी डोहाळजेवण ठरलं. आमच्यात त्या दिवशी आधी पाळक प्रार्थना करतात, मग बायका गाणी म्हणतात, मग जेवण. त्यानंतर पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं होतं. दोन दिवस आधी मेहुण्यांनी तिला मोटारसायकलवर माझ्याकडे आणून सोडलं आणि ते पेंड आणायला बाजारात गेले. नर्सबाईंना कार्डावर लिहायला हिमोग्लोबिनचा ताजा आकडा हवा होता, तेवढंच काम होतं.

मी रक्त घेतलं, नळी मशीनला लावली. पडद्यावर सात पॉइंट चार आलं. मला वाटलं मशीन चुकलं, म्हणून परत लावली. परत तेच. मशीनमधून गुळगुळीत कागदाची बोटभर पट्टी बाहेर आली, तिच्यावरही तेच होतं.

बहीण माझा चेहरा बघत होती. मी आकडा सांगितला. सरकारी गोळ्या घेतेस का, असं विचारलं, तर तिनं मान खाली घातली. गोळीनं मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, आणि शेजारच्या कुणी बाईनं बाळ काळं होईल अशी भीती घातली होती. म्हणून बरेच दिवस तिच्या गोळ्या गोठ्यात पेंडीच्या डब्यामागे जात होत्या. सासू रोज विचारायची, आणि ही रोज घेतली म्हणून सांगायची. मी जरा चिडून म्हणालो की हा आकडा कार्डावर गेला की नर्सबाई तुला नगरला पाठवतील, शिरेतून लोह द्यावं लागेल, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा ती रडायला लागली. नगरला जायची तिला भीती नव्हती. भीती आईची होती. परवा डोहाळजेवणाला आई येणार, पहिल्यांदा कार्ड मागणार, आणि सात बघितलं की साऱ्या मंडळीसमोर सासूला बोलणार.

"दादा, तिला बोलून मोकळं होता येतं. मला बाळ घेऊन त्याच घरात परत जायचंय," ती म्हणाली. "तू दहा लिही. माहेरी आले की रोज गोळी घेईन, भरून निघंल."

मग तिनं विचारलं की बाळाला काही होईल का. आणि इथे माझं शिक्षण कामाला आलं. कोर्सच्या वेळी वाचलेलं मला आठवलं, आणि मी तिला सांगितलं की वार, म्हणजे पोटात आईला आणि बाळाला जोडणारी प्लॅसेंटा, बाळाच्या बाजूनं असते. आईचं रक्त कमी झालं तर वार आईकडून जास्त जोरानं लोह ओढते, बाळाला पहिल्यांदा पुरवते. बाळाचं काही अडत नाही.

यातला शब्दही मी बनवला नव्हता. फक्त वार जे ओढते ते कुणाच्या अंगातून ओढते, हे मी बोललो नाही. ते अंग समोर स्टुलावर बसलेलं होतं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून पांढऱ्या पडलेलं, आणि मी त्याला बाळाच्या काळजीतून सोडवत होतो.

मी १०.४ टाईप केलं. सातचे दहा केले, पॉइंट चार मात्र खरा ठेवला. तेवढ्यानं खोटेपणा थोडा कमी होतो, असं तेव्हा मला खरंच वाटलं होतं. मशीनची पट्टी टाकून द्यायचा धीर झाला नाही, ती खिशात घातली आणि घरी आल्यावर गीतांच्या पुस्तकात ठेवून दिली.

डोहाळजेवण छान झालं. आईनं कार्ड मागितलं, चष्मा लावून आकडा वाचला आणि विहिणीकडे बघून मान हलवली. त्या दोघी त्या दिवशी शेजारी शेजारी बसून जेवल्या. बहीण माझ्याकडे बघून हसली. मला तर मी मोठंच काहीतरी जुळवून आणलं असं वाटत होतं.

बहीण माहेरी आली. मी चांगल्या गोळ्या आणून आईच्या हातात दिल्या. आई रोज सकाळी भाकरी झाली की बहिणीला गोळी द्यायची आणि वर कपभर चहा, कारण चहाशिवाय तिला मळमळतं. चहाबरोबर घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते. गरोदर बाईचं शरीर लोहासाठी आतड्याची दारं एरवीपेक्षा जास्त उघडी ठेवतं, आणि आपण वरून चहा ओतून ती बंद करतो. मी आईला एकदा म्हणालो की चहा नको, लिंबूपाणी दे. आई म्हणाली, "दहा हाय की तिला. कशाला पोरीचं तोंड कडू करायचं?"

दहा मीच दिले होते. सात आहे हे आईला कळलं असतं तर तिनं चहाची पातेली उकिरड्यावर फेकली असती आणि पोरीच्या उशाशी बसून गोळ्या घातल्या असत्या. तिला मीच निर्धास्त करून ठेवलं होतं.

दोन महिन्यांत मी एकदाही बहिणीचं रक्त परत तपासलं नाही. लॅब घरापासून पंधरा मिनिटांवर. रोज नळ्या, सुया माझ्या हातात. गावातल्या नर्सबाईंनी विचारलं तर आत्ताच केलंय, चांगलं आहे, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. वेळ नव्हता असं नाही. मला तो आकडा बघायचा नव्हता.

कळा सुरू झाल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त बघितलं आणि सहा पॉइंट आठ आल्यावर आम्हाला उभंही राहू दिलं नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली आणि नगरला काढून दिलं. पाटीवर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात नगरच. वाटेत आई बहिणीचे तळवे चोळत होती आणि मी समोर बसून तिची नखं बघत होतो. ती कागदासारखी होती.

बाळ दुपारी झालं. मुलगी, वजनाला चांगली, रडायला खणखणीत. पण वार पडल्यावर बहिणीचं रक्त लवकर थांबेना. ज्याच्या अंगात भरपूर असतं त्याचं थोडं जास्त गेलं तरी चालतं, हिच्याकडे जायला काही उरलंच नव्हतं. दोन पिशव्या रक्त लागलं. तासाभरानं डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या की आता ठीक आहे. त्या तासाबद्दल मी लिहू शकत नाही.

तोवर सोनईहून बहिणीची सासू आली होती. तिनं बाकावर बसून बहिणीच्या पिशवीतलं कार्ड काढलं, पानं उलटली आणि आईकडे न बघता म्हणाली, "आमी धाडली तवा दहा हुतं, विहीणबाई. दोन महिन्यांत सहावर आलं?"

ती रागानंही बोलली नाही. कागदावर जे होतं तेच वाचलं. आणि आमची आई, जिला आयुष्यात कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ती गप्प बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडायला तेवढं अंतर पुष्कळ झालं. पण मी पाणी आणतो म्हणून जिन्यानं खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. मी लॅबचा माणूस हे त्यांना कळलं होतं. दहाचे सहा इतक्या लवकर कसे झाले हे त्यांना पटत नव्हतं. मी मान हलवत राहिलो. मग त्यांनी एका फॉर्मच्या पाठीवर चित्र काढलं. मधे वार, एका अंगाला आईचं रक्त, दुसऱ्या अंगाला बाळाचं. ही दोन रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. आईच्या रक्तातलं लोह एका वाहकावर बसून येतं, आणि वारेच्या आईकडच्या अंगाला ते धरायला हूक असतात. आईकडे लोह कमी झालं की वार हे हूक वाढवते. इथपर्यंत मला माहीत होतं.

पुढचं माहीत नव्हतं. बाळाच्या बाजूला जे दार आहे, त्यातून लोह बाळाकडे जातं. पण आईचं फारच कमी झालं की ते दार वार अरुंद करते, असं आता दिसून येतंय, कारण वारेलाही जगायला आणि काम करायला लोह लागतं. आधी स्वतःपुरतं ठेवते, मग पुढे देते. जन्मानंतरचे पहिले काही महिने पुरेल असा साठा बाळ शेवटच्या आठवड्यांतच भरून घेतं. तेव्हाच आई रिकामी असेल तर बाळ वजनाला बरं दिसतं, पण साठा अपुरा घेऊन येतं. म्हणून या मुलीचं रक्त पुढे बघत राहा, असं त्या म्हणाल्या.

मी तो फॉर्म घडी करून घेतला. म्हणजे बहिणीला मी जे सांगितलं होतं ते अर्धंच होतं. वार बाळाची बाजू घेते, पण नसलेलं कुठून आणणार? त्या दोन महिन्यांत बहीण आईच्या घरी असताना तिची वार स्वतःसाठी आणि बाळासाठी जेवढं जमेल तेवढं ओढत राहिली असणार, आणि मी रोज जेवायला त्याच घरात बसत होतो.

भाची नऊ महिन्यांची झाली तेव्हा भिंतीचे पोपडे चाटायला लागली. या वेळी मी पेन्सिली नेल्या नाहीत, सुई नेली. लोह कमीच निघालं. सहा महिने तिला लोहाचे थेंब दिले, त्यांनी दातांवर काळपट डाग पडले आणि नंतर निघाले. आता ती तीन वर्षांची आहे आणि तोंड बंद ठेवत नाही. ती आजीवर गेली आहे असं सगळे म्हणतात. ते ऐकलं की मला लाज वाटते, कारण आजी आता तशी उरलेली नाही.

आई त्या बाकावरून उठली ती वेगळीच होऊन. घरी आल्या आल्या तिनं ॲल्युमिनियमची पातेली माळ्यावर टाकली आणि घोडेगावच्या बाजारातून लोखंडी कढई आणली. भाजी त्यात, आमटी त्यात, कढईत काळी पडलेली मेथी आम्ही सगळे मुकाट खायचो. चहा तिनं स्वतःपुरता बंद केला. पूर्वी देवळात नाताळचं जेवण असलं की तिखटमीठ तिच्या हातानंच पडायचं. आता बायका बोलवायला आल्या की माझ्या हाताला यश न्हाई म्हणून ती मागे सरायची. बहीण माहेरी आली की मनगट बघणं बंद झालं. विहीण आली की हिचा आवाज आपोआप खाली जायचा.

मी हे तीन वर्षं बघितलं. सांगावंसं रोज वाटायचं आणि रोज काहीतरी निमित्त सापडायचं. बहीणही गप्प होती, पण तिला मी दोष देत नाही. तिनं मागितलं होतं, लिहिलं मी होतं. आमच्या गल्लीतल्या कॅथलिक मित्राला निदान फादरच्या जाळीपलीकडे बसून पाप कबूल करता येतं. आम्हा प्रोटेस्टंटांना जाळी नाही. देवाशी थेट बोला म्हणतात. देवाशी मी बोललो, फार वेळा बोललो. देवाकडून आईपर्यंत काही पोचलं नाही.

या वर्षी बहिणीला परत दिवस गेले. सासूनं स्वतः फोन केला, की या वेळीही सातव्यात माहेरी धाडतो, पोरीला तिकडं बरं वाटतं. आईनं फोन कानाला धरला होता आणि मी जेवत होतो.

"नगं," आई म्हणाली. "तिकडंच करा. माझ्या घरात पोरीचं रक्त उतरतं."

मी ताट तसंच ठेवून हात धुतला, बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला आणि सांगणार आहे म्हणालो. ती म्हणाली, "सांग तू. माझ्याच्यानं होत न्हाई."

आत आलो तेव्हा आई कढई धुऊन तिला तेलाचा बोळा फिरवत होती, गंज धरू नये म्हणून. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. सात पॉइंट चार, गोठ्यातल्या गोळ्या, बहिणीचं रडणं, टाईप केलेले दहा. ती ऐकत होती आणि बोळा फिरवत होती.

"कशापायी लिव्हलं?" तिनं विचारलं.

"तू सगळ्यांसमोर भांडशील म्हणून."

"भांडले असते," आई म्हणाली. "लई भांडले असते. आन त्याच दिवशी तिला उचलून नगरला नेली असती."

तिनं कढई बाजूला ठेवली, हात पदराला पुसले.

"तीन वरसं मी रोज प्रार्थनेत माफी मागती," ती म्हणाली. "कशाची मागत हुते रे मी?"

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खरंच विचारत होती. मी तिच्या पायाला हात लावला, तिनं पाय मागे घेतला नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. मग तिनं विचारलं की त्या सातचा काही कागद आहे का, विहीणबाईंना दाखवायला. मी उठून गीतांचं पुस्तक काढलं. पट्टी होती तिथेच होती. पण ते मशीनचे कागद फार दिवस टिकत नाहीत. पट्टी पांढरीधोट झाली होती, कुणाचं नाव नाही, आकडा नाही. आईनं ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली आणि मला परत दिली.

"मंग तोंडानं सांग," ती म्हणाली. "मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सोनईची एसटी धरली. वस्तीवर पोचलो तेव्हा बहीण ओट्यावर गवार मोडत होती. आम्हाला दोघांना बघून तिनं ताट खाली ठेवलं आणि उठून भिंतीला टेकून उभी राहिली. भाची आमच्या आईला येऊन बिलगली. सासूनं खुर्च्या मांडल्या, आत जाऊन चहा आणला. आईनं कप घेतला, पण तोंडाला लावला नाही, शेजारी ठेवून दिला.

"ह्याला तुमास्नी सांगायचंय," ती विहिणीला म्हणाली, आणि माझ्याकडे बघत बसली.

सासूनं विचारलं काय ते. बहीण खाली बघत होती.

"आमच्याकडे आली तेव्हा तिचं दहा नव्हतं," मी म्हणालो. "सात पॉइंट चार होतं. दहा मी लिहिलं."